हापूसच्या कोयीतून हापूस का येत नाही? पेशी विभाजन शिकवायला वाडीतली उदाहरणं हवी आहेत

खाडीपलीकडची

मी गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. पेशी विभाजनाचा धडा आला की मुलं पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था एका दमात म्हणून दाखवतात. आकृत्याही सुबक काढतात. पण "माणसाच्या कातडीतल्या पेशीचं विभाजन झालं, आता प्रत्येक नव्या पेशीत गुणसूत्रं किती?" असं विचारलं की अर्धा वर्ग २३ म्हणतो.

चूक कुठून येते ते कळतं. बंदरावर होडी लागली की मासळीचे वाटे घालतात, तेच मुलांच्या डोळ्यांसमोर असतं: आहे त्याचे दोन ढीग. पेशीत वाटे घालण्याआधी सगळ्याच्या सगळ्या मालाची दुसरी प्रत तयार झालेली असते, आणि हे काम त्या चार अवस्था सुरू होण्याच्या आधीच उरकलेलं असतं. पुस्तकात त्या आधीच्या काळाला दोन ओळी मिळतात. खरं तर पेशीचं बहुतेक आयुष्य त्यातच जातं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं धरलं, तर प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं असतं.

म्हणजे ४६ गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन प्रती गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या. मध्यावस्थेत ती पेशीच्या मधोमध येतात, दोन्ही टोकांकडून आलेले तुर्कतंतू त्यांना धरतात, आणि पश्चावस्थेत प्रत्येक जोडातली एक प्रत इकडे, एक तिकडे. दोन्हीकडे ४६. गुडघा खरचटला की भरून येतो, नखं वाढतात, अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार होतात, ते सगळं या हिशेबाने. याला सूत्री विभाजन म्हणतात. निम्मी संख्या फक्त अर्धगुणसूत्री विभाजनात होते, शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होताना.

मला हे फळ्यावर सांगून थांबायचं नाही. मुलांच्या घरी कलमं आहेत, माड आहेत, केळी आहेत. दोन्ही विभाजनांतला फरक दाखवणारी इथलीच उदाहरणं सुचवा. वर्गात करता येईल असा एखादा प्रयोगही सांगा. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे आणि तो चांगला चालतो.

---

कलमबाग

मॅडम, नमस्कार. देवगडकडे आमची हापूसची बाग आहे, शिवाय पावसाळ्यात कोय कलमं बांधून विकतो. तुमचं उदाहरण आमच्या मांडवातच उभं आहे.

जून-जुलैत रायवळच्या कोयी वाफ्यात रुजत घालतो. कोंब वर येऊन पानं अजून तांबूस असतात, खोड लुसलुशीत असतं, तेव्हाच तो उपटायचा. हिरवा झाला की उशीर झाला. कोंब वरून छाटून मधोमध उभा काप द्यायचा. हापूसच्या झाडावरची तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेला असेल अशी काडी घ्यायची, तिचं खालचं टोक पाचरीसारखं दोन्ही बाजूंनी तासायचं आणि कापात बसवायचं. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट. साल सालीला लागली पाहिजे, निदान एका बाजूने तरी. हात थरथरला आणि फट राहिली की काडी काळी पडते.

वडिलांच्या वेळेपासून हे करतोय. पण सांध्यात नेमकं काय होतं हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि गिऱ्हाईक दरवर्षी विचारतं, "हापूसचीच कोय लावली तर काय बिघडलं?" मी सांगतो की हापूस येणार नाही, रायवळच येईल. का, ते मात्र मला नीट सांगता येत नाही. तुम्ही सांगा.

---

खाडीपलीकडची

@कलमबाग, दादा, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

सांध्यात होतं ते सूत्री विभाजन. सालीच्या आत लगेच केंबियम नावाचा पेशींचा एक पातळ थर असतो. त्या पेशी विभाजन करायला कायम तयार असतात. काप दिल्यावर काडीच्या आणि खुंटाच्या, म्हणजे खालच्या रायवळ रोपाच्या, दोन्ही बाजूंच्या पेशी भराभर विभागू लागतात, मधली फट भरून काढतात, मग त्यातूनच अन्नपाण्याच्या नळ्या जुळतात. म्हणून साल सालीला लागावी लागते: केंबियमला केंबियम भेटला पाहिजे. पण दोन्हीकडच्या पेशी आपापलीच गुणसूत्रं पुढे देतात. खुंटाच्या वर जे वाढतं ते पानापर्यंत, मोहरापर्यंत, फळाच्या गरापर्यंत मूळ हापूसची नक्कल असतं.

आता कोय. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं, म्हणजे २० जोड्या. मोहरात परागकण आणि अंडपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं. जोडीतलं कुठलं गुणसूत्र कुठल्या पेशीत जाईल हे प्रत्येक जोडीसाठी वेगळं ठरतं. दोन पर्याय, वीस वेळा: १०,४८,५७६ प्रकारची अंडपेशी एकाच झाडावर तयार होऊ शकते. वेगळं होण्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून तुकड्यांची अदलाबदल करतात, ते तर यात धरलेलंच नाही. वर परागकण शेजारच्या कुठल्या आंब्याचा आला हे माशीला ठाऊक. एवढ्या उलथापालथीतून हापूसचा तोच संच पुन्हा जुळून येणं जवळपास अशक्य.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, मुलं इथे हमखास अडकतात. फळाचा गर आईच्या झाडाचा असतो. परागकण कुठलाही असो, त्या फळाची चव हापूसचीच. नवा संच फक्त कोयीच्या आतल्या गर्भात असतो.

---

सड्यावरचा_पाऊस

मॅडमनी छान सांगितलंय. एक जोड देतो. ही उलथापालथ संशोधकांच्या कामाची असते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून काढलेला 'रत्ना' १९८१ मध्ये आला. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे गर आतून पांढुरका, स्पंजासारखा होतो; रत्नात होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधू' काढला, त्याची कोय अगदी पातळ. पण असं एक चांगलं रोप सापडलं की त्याची कोय कोणी लावत बसत नाही. त्याची लगेच कलमं करतात. एकदा अर्धगुणसूत्री विभाजनाने नवं घडवायचं, मग सूत्री विभाजनाने ते जसंच्या तसं राखायचं. मुलांना हे एक उदाहरण पुरेसं आहे.

---

मालवणी_मनीस

माका ह्या वाचून बरा वाटला. आमच्या आज्यान लावलेली कलमां आजून उभी आसत. माझो प्रश्न साधो आसा: कलमाचा कलम, त्याचा परत कलम, असा शंभर-दोनशे वर्सां चालला तर शेवटचा झाड म्हातारा म्हणूचा काय तरणा? आणि नकल करताना चूक होवची नाय काय?

---

खाडीपलीकडची

@मालवणी_मनीस, चुका होतात, फार थोड्या. गुणसूत्रातल्या डीएनएची प्रत काढताना प्रत तपासून दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीतच असते. तरीही इतक्या वर्षांत, इतक्या फांद्यांवर एखादी चूक निसटते, आणि ती शेंड्याच्या पेशीत झाली तर पुढची सगळी फांदी ती चूक घेऊन वाढते. म्हणून जाणते बागायतदार काडी कुठल्याही झाडाची घेत नाहीत. वर्षानुवर्षं चांगलं धरणाऱ्या झाडाचीच घेतात. झाड तरणं की म्हातारं म्हणाल, तर खोड नवं, मुळं नवी, पण पेशींची ओळ अखंड जुनी. मूळ हापूसच्या पेशीपासून आजच्या काडीपर्यंत ती कुठे तुटलेली नाही.

---

माडाची_वाडी

आंब्याचं झालं, माडाचं काय? माडाला कलम होत नाही. एकच शेंडा, तो गेला की माड गेला. खोडात केंबियमही नसतो. म्हणजे आमच्या वाडीतला प्रत्येक बाणवली माड हा नारळातून आलेला, प्रत्येकाचा संच वेगळा. शिवाय बाणवलीच्या पोयीत, म्हणजे फुलोऱ्यात, नरफुलं आधी उमलून झडतात आणि मादीफुलं नंतर तयार होतात, म्हणून पराग बहुधा परक्या माडाचा. दोन सख्ख्या नारळांचे माड सारखे निघत नाहीत ते यामुळेच. जुनी माणसं बियाण्याच्या नारळासाठी वाडीतला एखादाच माड राखून ठेवायची, ती उगाच नाही.

ठेंगणा आणि उंच असा संकर करतात तेव्हा तर रोपवाटिकेत डोळ्यांना दिसतं. नारिंगी ठेंगणी जात आई आणि उंच जात बाप असेल, तर रुजलेल्या रोपांत काहींचे देठ स्वच्छ नारिंगी असतात आणि काहींचे तपकिरी. तपकिरी देठाची रोपं खरी संकरित. नारिंगी देठाची रोपं आईच्याच परागाने झालेली, ती बाजूला काढतात. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राला वर्गाची भेट ठरवता आली तर बघा.

---

बॉटनीवाला

सावंतवाडीजवळच्या एका महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवतो. माडाचा विषय निघालाच आहे तर शहाळ्यावर थांबूया, कारण पेशी विभाजनाचं इतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही आणि ते कुठल्याही स्टॉलवर मिळतं.

पुस्तक सांगतं की विभाजनाची दोन कामं असतात: आधी केंद्रकाचं विभाजन, मग पेशीद्रव्याचं. ही दोन्ही कामं लागोपाठ होतात म्हणून मुलांना ती एकच वाटतात. शहाळ्यात ती वेगळी दिसतात. माडाच्या पेशीत ३२ गुणसूत्रं. परागकणातून दोन नर युग्मकं, म्हणजे नर प्रजननपेशी, येतात. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन गर्भ होतो, ३२ गुणसूत्रांचा. दुसऱ्याचा संयोग दोन केंद्रकांशी होतो, म्हणजे १६ अधिक १६ अधिक १६. या ४८ गुणसूत्रांच्या केंद्रकापासून भ्रूणपोष बनतो, गर्भासाठीची शिदोरी.

आणि आता हे केंद्रक विभागू लागतं. दोनाची चार, चाराची आठ, अशी हजारो केंद्रकं होतात, पण त्यांच्यामध्ये भिंतच पडत नाही. ती द्रवात मोकळी तरंगत राहतात. आपण शहाळ्याचं पाणी पितो ते हे पाणी. फळ धरल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी केंद्रकं करवंटीच्या आतल्या बाजूला गोळा होऊ लागतात, त्यांच्यामध्ये पेशीभित्तिका तयार होतात, आणि चमच्याने खरवडावी अशी मलई धरते. तीच पुढे जून होऊन खोबरं. म्हणजे पाणी ते मलई हा प्रवास म्हणजे राहून गेलेलं पेशीद्रव्याचं विभाजन उशिरा पूर्ण होणं.

आणखी एक. या पाण्यात पेशींना विभागायला लावणारी द्रव्यं असतात. १९४१ मध्ये धोत्र्याचे अगदी कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यात वाढवता आले, तेव्हापासून ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत नारळपाणी वापरलं जातं. झिएटिन हे त्यातलं एक द्रव्य, सायटोकायनिन गटातलं. गर्भासाठी ठेवलेल्या शिदोरीत 'वाढ' हा निरोपही घातलेला असतो.

---

पाट_वरवंटा

@बॉटनीवाला, सर, आयुष्यभर शहाळी सोलली, विकली. आज कळलं आत काय असतं ते. मनापासून आभार.

---

काचपट्टी

मॅडमनी प्रयोग विचारलाय. मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, कांद्याच्या मुळाची स्लाइड दरवर्षी करून घेतो. सविस्तर लिहितो, कारण यात बारीकसारीक गोष्टीच महत्त्वाच्या असतात.

अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर उत्तम, नाहीतर कुठलाही लहान कांदा. जुनी वाळकी मुळं ब्लेडने साफ करा, पण तळाची चकती कापू नका, नवी मुळं तिथूनच फुटतात. पाण्याने भरलेल्या पेल्यावर कांदा असा ठेवा की फक्त तळ पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. मुळं एक-दोन सेंटिमीटर झाली की सकाळी आठ ते दहाच्या सुमारास टोकं कापा, तेव्हा विभाजनं जास्त सापडतात. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्ल या मिश्रणात टोकं दिवसभर ठेवा. पेशी ज्या अवस्थेत असतील तिथेच थांबतात.

दुसऱ्या दिवशी टोक धुवून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं कोमट करा, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारा थर सैल होतो. हे आणि वरचं मिश्रण शिक्षकांनीच हाताळावं. मग काचपट्टीवर शेवटचे फक्त दोन मिलिमीटर ठेवून बाकीचं मूळ फेकून द्या. मुलं इथे हात आखडता घेतात, लांब तुकडा ठेवतात आणि मग काहीच दिसत नाही. अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगाचे दोन थेंब, स्पिरिटच्या दिव्यावरून अलगद फिरवायचं, उकळू द्यायचं नाही. कव्हरस्लिप ठेवून वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा आडवा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात.

आधी १० च्या भिंगाखाली बघा. लांबट, आयताकृती पेशी दिसल्या तर तुम्ही टोकापासून वर आहात, तिथे विभाजन नाही. चौकोनी, दाटीवाटीच्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशी शोधा, मग ४० चं भिंग. बहुतेक पेशींत नुसता लालसर गोळा दिसेल. त्या विभाजनाआधीच्या काळात आहेत. मॅडमनी सुरुवातीला लिहिलेला २४ तासांतल्या एका तासाचा हिशेब इथे काचेवर मोजता येतो. मुलांना शंभर पेशी मोजायला लावा आणि कुठल्या अवस्थेत किती ते लिहायला लावा. कांद्याची गुणसूत्रं फक्त १६ आणि चांगली जाड, म्हणून पश्चावस्थेत दोन्ही बाजूंना निघालेले घोस स्पष्ट दिसतात. अंत्यावस्थेत दोन केंद्रकांच्या मधोमध एक बारीक रेघ दिसली तर ती नवी भिंत. प्राण्यांच्या पेशीत अशी भिंत बनत नाही, पेशी मध्येच आवळली जाऊन तुटते.

---

हिशेबनीस

एवढी रसायनं, आम्ल, दिवा… दहावीच्या मुलांना तयार स्लाइड दाखवली तर नाही का चालणार? परीक्षेत आकृतीच येते.

---

काचपट्टी

@हिशेबनीस, तयार स्लाइड जरूर दाखवा, ती जास्त स्वच्छ असते. पण तयार स्लाइडमध्ये अवस्था कोणीतरी आधी शोधून ठेवलेली असते. स्वतः दाबलेल्या मुळात मूल पंधरा मिनिटं शोधतं आणि मग त्याला पश्चावस्थेतली एक पेशी सापडते. नंतर आकृतीत ते गुणसूत्रं निम्मी काढत नाही. हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय की यात तडजोड करावीशी वाटत नाही. आम्लाचा भाग शिक्षकांनी आधी उरकून ठेवावा आणि मुलांच्या हातात रंगवणं, दाबणं आणि बघणं द्यावं.

---

खाडीपलीकडची

@काचपट्टी शी सहमत. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंगने १८८२ मध्ये हे सगळं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा त्याच्याकडेही चांगलं भिंग, रंग आणि सॅलॅमँडरच्या मोठाल्या पेशीच होत्या. मारलेल्या पेशींच्या स्थिर चित्रांवरून त्याने अवस्थांचा क्रम लावला आणि जिवंत पेशींवर पडताळला. मेंडेलचं वाटाण्यावरचं काम तेव्हा छापून झालेलं होतं, पण ते १९०० पर्यंत दुर्लक्षितच राहिलं. दोघांची सांगड पुढे बोव्हेरी आणि सटन यांनी घातली. सटनने १९०२-०३ मध्ये नाकतोड्याच्या पेशींत पाहिलं की गुणसूत्रं जोडीने येतात आणि युग्मकात जोडीतलं एकच जातं, अगदी मेंडेलच्या आनुवंशिक घटकांसारखं.

---

रानवाटा

चिपळूणहून. वरच्या रानात भेकर आहे, रात्री भुंकल्यासारखा ओरडतो तो. त्याच्या मादीच्या पेशीत गुणसूत्रं फक्त ६ आणि नराच्या पेशीत ७. सस्तन प्राण्यांत इतकी कमी कुठेच नाहीत. त्याच्याच नात्यातल्या चिनी भेकरात ४६ आहेत. भेकराकडे माहिती कमी आहे असं नाही, उत्क्रांतीत लहान गुणसूत्रं टोकाला टोक जोडून मोठी झाली.

उलटं उदाहरण पायाखाली. पहिला पाऊस झाला की सड्यावर, कातळाच्या पठारावर, ओफिओग्लॉसम या गटातली इवलीशी नेची उगवतात, एक पान आणि एक काडी, बस्स. त्यांतल्या रेटिक्युलाटम जातीत १२६० गुणसूत्रं मोजली गेली आहेत. गुणसूत्रं जास्त म्हणजे जीव प्रगत, हा समज मुलांच्या मनातून काढायला ही दोन नावं पुरतील.

---

मिठागर

केळ्यात बी का नसते ते यातच बसतं ना?

---

बॉटनीवाला

@मिठागर, हो. आपल्या खाण्यातली बहुतेक केळी त्रिगुणित, ११ चे तीन संच, ३३ गुणसूत्रं. अर्धगुणसूत्री विभाजनात जोड्या लावायच्या तर तिसऱ्याने कुणाबरोबर जायचं? युग्मकं धड बनत नाहीत, म्हणून बी नाही, म्हणून लागवड मुनव्यांवर. घाटात दरडींवर कवदर, म्हणजे रानकेळ, दिसते ना, ती १८ गुणसूत्रांची, नऊ जोड्या नीट लागतात. तिच्या फळात काळ्या टणक बिया खच्चून भरलेल्या असतात.

गुणसूत्रं मोजण्याच्या कामाचा विषय आहे तर मुलींना जानकी अम्माळ यांच्याबद्दल जरूर सांगा. याच किनाऱ्यावर खाली तलश्शेरीला १८९७ चा जन्म. कोइमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं आणि १९४५ मध्ये डार्लिंग्टनबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश काढला. पुढे १९७७ मध्ये पद्मश्री.

---

वैद्यांची_सून

श्रावणात कुंपणावर लाल-पिवळी फुलं येणारा खड्यानाग, काही ठिकाणी कळलावी म्हणतात, त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. त्याच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते तुर्कतंतू बनूच देत नाही. गुणसूत्रं मध्यावस्थेत येऊन तिथेच अडकतात. हेच द्रव्य वापरून पेशी अडकवल्या आणि खारेपणा कमी केलेल्या द्रावणात फुगवल्या, तेव्हा कुठे टिओ आणि लेवान या शास्त्रज्ञांना माणसाची गुणसूत्रं सुटी सुटी मोजता आली. १९५६ मध्ये त्यांनी ४६ हा आकडा छापला. त्याआधी तीसेक वर्षं सगळे ४८ धरून चालले होते.

दारातल्या सदाफुलीतली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही द्रव्यंही तुर्कतंतूंवरच घाव घालतात. रक्ताच्या कर्करोगावर, विशेषतः मुलांच्या, व्हिन्क्रिस्टिन १९६० च्या दशकापासून वापरतात. बेसुमार विभागणाऱ्या पेशी थांबवायच्या तर विभाजनाचंच यंत्र अडवायचं, असं ते औषध.

पण हात जोडून सांगते: खड्यानाग अतिशय विषारी आहे. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तो खाऊन माणसं दगावली आहेत. वर्गात फूल लांबून दाखवा, कंद आणू नका. सदाफुलीचा काढाही कोणी घरी करू नये.

---

किनाऱ्यालगत

एवढा वेळ नुसती वाचत होते. माझ्या बहिणीच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. घरातली आणि शेजारची माणसं अजूनही बहिणीला ऐकवतात, पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसली असशील, काहीतरी चिरलं असशील. ती ऐकून घेते आणि रात्री रडते. गुणसूत्रांचा काहीतरी दोष एवढंच डॉक्टर म्हणाले, पुढे समजावून सांगायला त्यांना वेळ नव्हता. इथे कोणी साध्या शब्दांत सांगेल का? मला ते तिला वाचून दाखवायचंय.

---

बालरोग_कोकण

@किनाऱ्यालगत, ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या बहिणीसाठीच लिहितो.

मुलीच्या अंडाशयातल्या अंडपेशी ती स्वतः जन्माला येण्याआधीच तयार होऊ लागतात. म्हणजे तुमची बहीण तिच्या आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्या अंडपेशींनी अर्धगुणसूत्री विभाजन सुरू केलं होतं. गुणसूत्रांच्या जोड्या लागल्या, आणि तिथेच ते थांबलं. ज्या महिन्यात ती अंडपेशी बाहेर पडते त्या महिन्यात ते विभाजन पुढे सरकतं. मधली वीस, तीस, चाळीस वर्षं त्या जोड्या प्रथिनांच्या कड्यांनी एकत्र धरून ठेवलेल्या असतात. वर्षं जातात तशी ही कडी झिजतात. म्हणून आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, पण तरुण आईच्या बाबतीतही हे घडतं.

कधी एखादी जोडी वेगळी होत नाही. २१ क्रमांकाची दोन्ही गुणसूत्रं एकाच अंडपेशीत जातात, वडिलांकडून तिसरं येतं, आणि बाळाच्या पेशीत ४६ ऐवजी ४७ होतात. काही वेळा हेच शुक्रपेशीत घडतं. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेजन आणि रेमों तुर्पां यांनी १९५९ मध्ये हे जास्तीचं गुणसूत्र दाखवून दिलं. साधारण ९५ टक्के मुलांत कारण हेच असतं.

आता ग्रहणाचं. हे सगळं बहुतेक वेळा गर्भ राहायच्या आधीच घडून गेलेलं असतं. बहीण पोटुशी आहे हे कळलं त्या दिवशी ४७ गुणसूत्रं तिथे होतीच. त्यानंतर तिने काय चिरलं, कुठे बसली, काय खाल्लं, याने एकही गुणसूत्र इकडचं तिकडे होत नाही. तिच्या हातून काहीही चुकलेलं नाही. तिला हे वाक्य माझ्या वतीने सांगा, आणि ऐकवणाऱ्यांनाही सांगा.

दोन गोष्टी कराव्यात. मुलीची गुणसूत्र तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, झाली नसेल तर करून घ्या. तीन-चार टक्के मुलांत २१ चा जास्तीचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असतो, त्यांच्या आईवडिलांचीही तपासणी लागते, कारण पुढच्या बाळाच्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे. दुसरं, हृदयाची इको तपासणी, थायरॉइड आणि कान. यांतल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही त्रास असतो आणि त्यावर वेळेत उपचार होतात.

---

किनाऱ्यालगत

डॉक्टर, वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं, दुसऱ्यांदा सासूबाईंसमोर. इको झालेली आहे, ठीक आहे. कॅरिओटाइपचं विचारतो आता.

---

खाडीपलीकडची

@बालरोग_कोकण, सर, तुमच्या परवानगीने हा प्रतिसाद मी पालकसभेत वाचणार आहे. धड्यात 'गुणसूत्रे समान विभागली जातात' असं एक वाक्य आहे. ती समान विभागली जावीत म्हणून पेशी किती जपते, हे मुलांना आता जास्त सांगेन. सूत्री विभाजनात एक जरी गुणसूत्र तुर्कतंतूंना नीट जोडलं गेलं नसेल तर पेशी पश्चावस्था सुरू करत नाही, थांबून राहते. पेशीचक्राची ही लगाम कशाच्या हातात असते यावरच्या कामाला, हार्टवेल, हंट आणि नर्स यांना, २००१ चं नोबेल मिळालं.

@काचपट्टी, कांदे पेल्यांवर ठेवलेत. @कलमबाग दादा, जुलैत मुलांना घेऊन आलो तर चालेल का? एखादा न जुळलेला सांधा उभा चिरून दाखवता आला तर फार बरं.

---

कलमबाग

मॅडम, केव्हाही या. जुळलेला आणि न जुळलेला, दोन्ही काढून ठेवतो. जुळलेला चिरायला जीव होत नाही, पण मुलांसाठी एक चिरू. आणि येताना त्या सूक्ष्मदर्शकाचं जमलं तर आणा, मलाही बघायचंय.

---

माडाची_वाडी

@बॉटनीवाला, शहाळ्याच्या पाण्यातली ती मोकळी केंद्रकं शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसतील का? आमच्याकडून शहाळी पाठवतो.

---

बॉटनीवाला

प्रयत्न जरूर करा. पिण्याजोगं भरलेलं शहाळं नको, त्यातली बरीच केंद्रकं भिंतीला लागलेली असतात. मलई अजिबात न धरलेलं, अगदी कोवळं पाडा. पाणी गाळून उभ्या नळीत तासभर स्थिर ठेवा, मग ड्रॉपरने तळाचा थेंब घ्या, त्यावर अ‍ॅसिटोकार्मिनचा एक थेंब, पाच मिनिटं थांबून कव्हरस्लिप. इथे अंगठ्याने दाबायचं नाही. लाल रंगलेले गोल ठिपके शोधा, आणि त्यांच्याभोवती पेशीची भिंत दिसते का ते मुलांनाच विचारा.